तारीख सांगा, पुढचं आपण बघू

प्रश्न थोडक्यात असा: "वय २८. लालबागला चाळीत राहतो, नोकरी अंधेरीला. चार महिन्यांपूर्वी ऑफिसच्या सहलीत एका ओळखीच्या मुलीशी कंडोमशिवाय संबंध आला. दहा दिवसांनी लघवीला जळजळ सुरू झाली. मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या, आठवड्यात बरं वाटलं. आता मार्गशीर्षात लग्न ठरलंय. चाचणी करायला तीनदा रुग्णालयाच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. आमच्या चाळीतल्या एक मावशी तिथेच आया आहेत. चाचणीचा विचार आला तरी छातीत धडधडतं. ही भीती कशी घालवू?"

मुंबईत पालिकेच्या रुग्णालयांतल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, मी १७ वर्षं समुपदेशक म्हणून काम केलं. समोरच्या खुर्चीत बसलेल्या पुरुषांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असायचं, "मॅडम, माझ्याकडून चूक झाली." मी रजिस्टर उघडून विचारायचे, "कधी? तारीख आठवते का?" माणूस गोंधळून जायचा. कसं झालं, का झालं, प्यायली किती होती, हे सगळं तो रात्रभर मनात घोळवून आलेला असायचा आणि त्यातलं मी काहीच विचारलेलं नसायचं. मला तारीख हवी असायची. आज कोणती चाचणी करायची आणि कोणती पुढे ढकलायची, हे त्या तारखेवरच ठरतं.

चाचणीला जाणं म्हणजे कबुली द्यायला जाणं, असं मनाने घेतलं की पाय फाटकाशीच अडतात. तुमचं तेच झालंय असं मला वाटतं. तुमच्या पत्रात 'चूक' हा शब्द नाही, पण मावशी आहेत, चाळ आहे, ठरलेलं लग्न आहे. सुईबद्दल एक अक्षर नाही आणि आजाराबद्दलही फारसं नाही. भीती आहे ती दिसण्याची. म्हणून मी तुमच्या भीतीला एकेका प्रश्नाने उत्तर देते. ती पूर्ण जाईल असं आश्वासन मी देत नाही. धडधडत्या छातीनेच लोक आत येतात, रक्त देतात आणि रिपोर्ट घेऊन जातात. भीती गेल्यावर जाऊ असं म्हणणारे मात्र वर्ष-वर्ष थांबलेले मी पाहिले आहेत.

सुरुवात तुमच्या तारखेपासून. संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत काही दिवस जातात, त्याला विंडो पीरियड म्हणतात. प्रयोगशाळेत होणारी एचआयव्हीची अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी साधारण ४५ दिवसांनंतर निर्णायक धरतात, तर बोट टोचून किंवा किटवर होणारी अँटिबॉडी चाचणी ९० दिवसांनंतर. सिफिलिस हाही संबंधातून लागणारा रोग, त्याची लक्षणं दिसायला १० ते ९० दिवस लागू शकतात, म्हणून त्याच्या रक्तचाचणीलाही ९० दिवसांची सीमा पुरते. गनोरिया आणि क्लॅमिडिया हे संबंधातून लागणारे जिवाणूंचे संसर्ग दोन आठवड्यांतच लघवीच्या तपासणीत सापडतात. तुमच्या प्रसंगाला चार महिने झाले, म्हणजे यातली प्रत्येक मुदत उलटून गेली आहे. आज तुम्ही जी चाचणी कराल तिचं उत्तर त्या प्रसंगापुरतं शेवटचं असेल. 'आत्ता निगेटिव्ह आहे, पण पुन्हा बघावं लागेल' ही टांगती तलवार तुमच्या डोक्यावर नाही. तीन आठवड्यांनी धावत येणाऱ्या कितीतरी मुलांना मला पुन्हा बोलवावं लागायचं आणि मधले दोन महिने त्यांना फार जड जायचे. तुम्ही उशीर केलात, पण त्या उशिराने निदान ही एक गोष्ट सोपी केली.

इथे वेगळं काहीतरी सांगायलाच हवं. हे वाचणाऱ्या कुणाच्या प्रसंगाला अजून ७२ तास झाले नसतील, तर त्यांनी पुढचं वाचत बसू नये. जवळच्या मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन पेप हवं आहे असं सांगावं. पेप म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग रोखण्यासाठी २८ दिवस घ्यायच्या गोळ्या. जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, आणि ७२ तासांनंतर त्या सुरू करत नाहीत.

आता मावशींकडे येऊ.

आयसीटीसीच्या बाहेरच्या बाकावर कोण बसलेलं असतं, हे तुम्ही कधी पाहिलेलं नाही. तुमच्या डोळ्यांसमोर मान खाली घातलेल्या, रुमालाने तोंड लपवलेल्या माणसांची रांग असेल. प्रत्यक्षात त्या बाकावर सगळ्यात जास्त असतात गरोदर बायका. गरोदरपणात एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी सगळ्याच बायकांची करतात, म्हणून नाव नोंदवायला आलेली बाई तिथे येतेच. सोबत सासू असते, कडेवर पहिलं पोर असतं. त्यांच्याशेजारी टीबीचे पेशंट असतात, कारण टीबीच्या प्रत्येक पेशंटला एचआयव्हीची चाचणी सुचवली जाते. हर्नियाच्या नाहीतर मुतखड्याच्या ऑपरेशनसाठी सर्जनने पाठवलेले काका असतात. तुमच्या आईची तपासणी झाली नसेल कदाचित, पण वहिनीची किंवा बहिणीची बाळंतपणात नक्की झाली असेल आणि घरात कुणाला त्याचं काही वाटलं नसेल. त्या बाकावर बसलेला २८ वर्षांचा मुलगा कशासाठी आलाय, हे पाहणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो. मावशी समोरून गेल्या तर "काय रे, इकडे कुठे?" एवढंच विचारतील. "तपासणी सांगितलीय डॉक्टरांनी" हे उत्तर खरंही आहे आणि पुरेसंही.

तरीही मन घेत नसेल तर त्या रुग्णालयात जाऊच नका. केईएम, नायर, शीव, कूपर, जे. जे. अशी सगळीकडे ही केंद्रं आहेत, पालिकेच्या उपनगरांतल्या रुग्णालयांतही आहेत, आणि कुठे जायचं याला हद्दीचं बंधन नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत ही रीतच होती. मध्य रेल्वेवरचे लोक पश्चिम रेल्वेवर जायचे आणि तिकडचे इकडे यायचे. परळचा माणूस बोरिवलीला, कांदिवलीचा परळला. या शहरात दोन स्टेशनं पुढे गेलं की आपल्याला कुणी ओळखत नाही. एरवी त्याचं वाईट वाटतं, पण या कामाला तेच उपयोगी पडतं. तुम्ही रोज अंधेरीला जाताच, तर त्याच बाजूचं केंद्र गाठा. जवळचं कोणतं हे ठरवायला राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची टोल-फ्री हेल्पलाइन आहे, १०९७. घरातून बोलता येत नसेल तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून फोन करा. तिथे कुणाचं लक्ष नसतं.

रुग्णालयात शिरल्यावर केसपेपरच्या खिडकीवर किंवा चौकशीपाशी काय बोलायचं, हा अनेकांचा सगळ्यात कठीण क्षण. पाठीमागे दहा माणसं असतात आणि 'एचआयव्ही' हा शब्द ओठांवर येत नाही. तो उच्चारायची गरजही नाही. "आयसीटीसी कुठे आहे?" एवढंच विचारा. रुग्णालयातल्या प्रत्येकाला ते कळतं आणि रांगेतल्या माणसाला त्यातलं काही कळत नाही. सोमवार टाळा, त्या दिवशी सगळ्याच ओपीडींना गर्दी असते. सकाळी जा, म्हणजे रिपोर्टही बहुधा त्याच दिवशी हातात पडतो.

आत काय होतं ते सविस्तर सांगते, कारण माहीत नसलेली खोली मनात फार मोठी होते. दार लावलं जातं. समोर एक समुपदेशक असतो किंवा असते, एक टेबल, एक रजिस्टर. नाव, वय, पत्ता लिहून घेतात आणि तुम्हाला एक क्रमांक मिळतो. मग प्रश्न येतात. संबंध कधी आला, कुणाशी, पुरुष की स्त्री की तृतीयपंथी व्यक्ती, कंडोम होता का, कोणत्या प्रकारचा संबंध, अंगावर फोड, जखम, स्राव असं काही दिसलं का, कुणाकडून इंजेक्शनची सुई वापरली का. हे प्रश्न कानाला उघडेनागडे वाटतात. पण मुखमैथुन झाला की गुदमैथुन, हे कळल्याशिवाय नमुना कुठला घ्यायचा ते ठरत नाही, म्हणून विचारावे लागतात. तुम्हाला शुद्ध शब्द सुचले नाहीत तर जे शब्द मित्रांत वापरता ते वापरा. माझ्या खोलीत सगळे शब्द बोलले गेले आहेत आणि कुठल्याही शब्दाने मला कुणाविषयी वाईट वाटलं नाही. आवाज फुटतच नसेल तर आधीच कागदावर लिहून न्या आणि तो पुढे करा. असे कितीतरी चतकोर कागद मी वाचले आहेत.

नंतर तुमची संमती घेतात. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करायची नाही, तुमचा निकाल तुमच्या परवानगीशिवाय इतरांना सांगायचा नाही आणि नोकरी देण्यासाठी ही चाचणी मागायची नाही, असं तो सांगतो. यात एक अपवाद आहे आणि लग्न ठरलेल्या माणसापासून मी तो लपवणार नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली, जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे, समजावूनही ती व्यक्ती जोडीदाराला सांगायला तयार नाही, अशा वेळी त्या व्यक्तीला आधी कळवून डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. आई-वडिलांना, साहेबांना, चाळीला सांगण्याची मुभा मात्र त्यात नाही. रिपोर्ट तुमच्या हातात, बंद खोलीत मिळतो.

माझ्याकडून एकदा याच बाबतीत मोठी चूक झाली होती. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. गर्दी फार होती आणि मी दारात उभी राहून एका माणसाचं नाव-आडनाव घेऊन हाक मारली. बाकावर त्याच्या गावचा कुणीतरी बसला होता. हा उठला आणि जिन्याकडे निघून गेला. त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. तो घ्यायला तो कधीच आला नाही. त्या दिवसापासून मी फक्त क्रमांक पुकारला. म्हणून तुम्हाला सांगते, आत गेल्यावर स्पष्ट म्हणा, "माझं नाव बाहेर पुकारू नका, नंबर सांगा." हे मागायचा तुम्हाला हक्क आहे आणि चांगला समुपदेशक ते लगेच ऐकतो.

रक्त थोडंच घेतात, एखादी छोटी ट्यूब. उपाशी राहावं लागत नाही, उलट काहीतरी खाऊन, पाणी पिऊन जा. सुई पाहून चक्कर येणारे असाल तर टेक्निशियनला आधी सांगा आणि आडवे व्हा. मांड्या आणि पोटऱ्या दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून सैल सोडा, असं चार-पाच वेळा करा. त्याने रक्तदाब एकदम उतरत नाही आणि भोवळ टळते. धिप्पाड माणसंही या टेबलावर डोळे मिटून घेतात.

आता जळजळीबद्दल. मेडिकलवाल्याच्या गोळ्यांनी ती थांबली, म्हणून तुम्ही तो विषय बाजूला ठेवलाय. मला मात्र एचआयव्हीपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते. संबंधानंतर दहा दिवसांनी लघवीला जळजळ होणं हे गनोरिया किंवा क्लॅमिडियाचं नेहमीचं लक्षण आहे. काउंटरवरच्या गोळीने एक बरा होतो आणि दुसरा तसाच राहतो, किंवा अर्धवट डोसाने दबून बसतो, असं होऊ शकतं. पुरुषाला पुढे काही जाणवतही नाही. बायकांमध्ये तर हे बहुतेक वेळा लक्षणांशिवायच असतं आणि वर चढत जाऊन गर्भनलिकांना इजा करतं, मूल राहायला अडचण येते. म्हणजे लग्नाआधी तपासून घ्यायची खरी गोष्ट ही आहे. लघवीची पीसीआर, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी, तपासणी होते. त्याआधी निदान एक तास लघवी करायची नाही आणि धारेचा पहिला भाग बाटलीत घ्यायचा, मधला नव्हे. साध्या लघवीच्या तपासणीच्या नेमकं उलट, त्यामुळे इथे गोंधळ होतो.

ही पीसीआर बहुधा खासगी लॅबमध्ये करावी लागते. पण आधी सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, जा. हे क्लिनिक रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात किंवा त्याच्या आसपास असतं. तिथले डॉक्टर तपासतात आणि लक्षणांवरून औषधांची रंगीत पाकिटं मोफत देतात. जळजळ-स्रावासाठी राखाडी, जखमांसाठी पांढरं, अशी त्यांची विभागणी आहे. तुम्हाला मिळालेल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट किंवा बिल असेल तर घेऊन जा. क्लॅमिडिया निघालाच तर त्यावर डॉक्सिसायक्लिन सात दिवस घ्यायची असते. डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्या. पुन्हा काउंटरवर हात पुढे करू नका.

खासगी लॅबमध्ये सगळंच करायचं असेल तर दोन सावधगिरी. स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचाच ईमेल द्या. घरातल्या कुणाच्या नंबरवर आधीपासून नोंद असेल तर रिपोर्ट तिकडे जातो, आणि एका घरात त्यावरून झालेला आकांत मी नंतर निस्तरला आहे. दुसरं, 'फुल बॉडी एसटीडी पॅकेज' घेऊ नका. त्यात नागिणीच्या नात्यातल्या हर्पिस सिम्प्लेक्सची रक्तचाचणी घुसवलेली असते. जगात ५० वर्षांखालच्या साधारण दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात याच हर्पिसचा एचएसव्ही-१ हा विषाणू असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना तो लहानपणीच लागतो आणि ओठांवर तापानंतर फोड येतात तेवढंच त्याचं दर्शन. लक्षणं नसताना ही चाचणी केली की 'पॉझिटिव्ह' हा शब्द हातात येतो आणि पुढे झोप उडते, फायदा मात्र काही नसतो. हर्पिस फोडातल्या नमुन्यावरून ओळखायचा असतो. तुम्हाला फोड आलेले नाहीत, मग ती चाचणी नको. तुमच्यासाठी एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, हिपॅटायटिस बी आणि लघवीची पीसीआर, एवढी यादी पुरते. हिपॅटायटिस बी निगेटिव्ह आला आणि लहानपणी लस झालेली नसेल तर लस टोचून घ्या. तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण होतात.

रिपोर्ट काय येईल? भारतात १५ ते ४९ वयोगटात हजारात साधारण २ लोकांना एचआयव्ही आहे, आणि समोरच्याला असला तरी एका संबंधात तो लागतोच असं नाही, बहुतेक वेळा लागत नाही. यावरून तुमच्या बाबतीतली शक्यता किती कमी आहे ते तुम्हीच बघा. पण रात्री अडीचला हे आकडे कामाला येत नाहीत, हेही मला माहीत आहे. त्या वेळी मन एकच विचारतं, 'आणि आलाच तर?' म्हणून तेही बोलून टाकू.

आयसीटीसीत पहिल्या किटवर रक्त रिअॅक्टिव्ह, म्हणजे संसर्गाची शंका दाखवणारं, आलं तर लगेच पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन किटवर तपासतात आणि तिन्ही जुळल्या तरच तो शब्द उच्चारतात. मग एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, केंद्रात पाठवतात. सरकारने १ एप्रिल २००४ रोजी मोफत एआरटी सुरू केली तेव्हा आपलं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होतं. आज बहुतेकांना दिवसातून एक गोळी घ्यावी लागते. नियमित घेऊन विषाणूचं प्रमाण तपासणीत दिसेनासं झालं आणि तसंच राहिलं की जोडीदाराला लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. माझ्याकडे रडत आलेल्या काही जणांची मुलं आज कॉलेजात आहेत, आणि मुलांना संसर्ग नाही. तुमच्या मनातलं चित्र बहुधा भिंतींवर कवट्या रंगवायचे त्या काळातलं आहे, औषधं हाती येण्याआधीचं. घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून ते आपल्याकडे आलं. आणि लोकलच्या डब्यात अजूनही चिकटवलेली 'गुप्तरोगाचा खात्रीशीर इलाज' छाप पत्रकं त्याच भीतीवर जगतात. त्या नंबरांवर फोन करू नका. हजारो रुपये आणि मोलाचे महिने घालवून माझ्याकडे आलेल्या माणसांची मला फार हळहळ वाटायची.

सिफिलिस निघाला तर? पेनिसिलिनचं कमरेत इंजेक्शन. लवकरच्या अवस्थेत २४ लाख युनिटचा एकच डोस पुरतो, संसर्ग जुना असेल तर आठवड्याला एक असे तीन. आणखी एक, व्हीडीआरएल काही वेळा सिफिलिस नसतानाही रिअॅक्टिव्ह येते. मलेरियानंतर असं होतं, आणि पावसाळ्यानंतर मुंबईत मलेरिया होऊन गेलेली माणसं कमी नसतात. म्हणून टीपीएचए या दुसऱ्या चाचणीने खात्री केल्याशिवाय हाय खाऊ नका.

मुलींसाठी थोडं स्वतंत्र सांगते, कारण त्यांची अडचण वेगळी असते. स्त्रीरोग ओपीडीत पहिला प्रश्न "लग्न झालंय का?" असा येतो आणि उत्तर 'नाही' म्हटलं की कधीकधी डॉक्टरांचा चेहरा बदलतो. "लग्न झालेलं नाही, संबंध आहेत, तपासणी करायची आहे," असं एका दमात सांगायचं. १८ पूर्ण असतील तर आई-वडिलांची परवानगी लागत नाही. डॉक्टर उपदेश करू लागले तर उठून दुसरीकडे जाण्यात काहीही उद्धटपणा नाही. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना घशाचा किंवा गुदद्वाराचा नमुनाही द्यावा लागू शकतो आणि हे सांगताना ओशाळायला होतं. त्यांच्यासाठी मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो. तिथे प्रत्येक वाक्याची प्रस्तावना करावी लागत नाही.

तुमच्या उलट टोकाची माणसंही मी पाहिली. एक गृहस्थ दोन वर्षांत अकरा वेळा चाचणी करून गेले, प्रत्येक वेळी वेगळ्या केंद्रात. सगळे रिपोर्ट निगेटिव्ह. त्यांना बायकोला एक गोष्ट सांगायची होती, ती सांगता येत नव्हती, आणि रक्त काढून घेतलं की चार दिवस बरं वाटायचं. मुदत उलटल्यावर निगेटिव्ह आलेली चाचणी पुन्हा करायची इच्छा होऊ लागली तर ती इच्छा घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. हे तुमच्या बाबतीत होईल असं म्हणत नाही, पण रात्री उशिरापर्यंत लक्षणं शोधत बसायची सवय तुम्हाला लागली असेल तर ती आजच बंद करा. थकवा, घसा दुखणं, अंगावर पुरळ या यादीत सबंध मुंबई बसते.

होणाऱ्या बायकोला सांगू का, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी ओळींमधून दिसतंय. चाचणी आधी करा. रिपोर्ट हातात नसताना सांगाल तर तुमची भीती तिच्या पदरात टाकाल, आणि तिच्याकडे त्यावर काही उपायही नसेल. रिपोर्ट काही सापडल्याचा आला तर सांगणं टाळता येणार नाही. समुपदेशक दोघांना एकत्र बसवून त्यात मदत करतो. सहलीतल्या त्या मुलीलाही कळवावं लागेल, कारण तिलाही उपचार लागतील. "मला तपासणीत अमुक निघालं, तूही करून घे," इतकंच, दोष न देता. सगळं निगेटिव्ह आलं तर जुन्या प्रसंगाबद्दल काय बोलायचं हा तुमचा निर्णय आहे, त्यात मी पडणार नाही. मात्र "लग्नाआधी दोघंही रक्त तपासून घेऊ" असं तुम्ही म्हणू शकता. पत्रिका दाखवणाऱ्या घरांतही हल्ली ही मागणी कुणाला खटकत नाही.

एखादा मित्र सोबत नेता आला तर न्या. आत तो येणार नाही, बाहेर बाकावर बसेल. तुम्ही फाटकापासून मागे वळाल तेव्हा त्याने फक्त एवढंच म्हणायचं, "चल, आलोय तर जाऊ." तीनदा परत फिरलेल्या माणसाला चौथ्या वेळी याचा फार उपयोग होतो. मित्राला कारण सांगायचं नसेल तर 'तपासणी आहे' एवढं पुरे. दिवस आजच ठरवा, येत्या मंगळवार ते गुरुवारातला. ऑफिसला हाफ डे टाका. परतीची गाडी पकडायची घाई ठेवू नका, कारण रिपोर्टसाठी दोन-तीन तास थांबावं लागू शकतं. त्या वेळात रुग्णालयाबाहेर जाऊन चहा प्या, फेऱ्या मारा, फोन खिशात राहू द्या.

आणि रिपोर्टचा कागद घरी न्यायलाच हवा असं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत लपवायला जागा नसते हे मला ठाऊक आहे. फोनमध्ये फोटो काढा, पासवर्ड असलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मूळ कागद ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात राहू द्या. फाडून मात्र टाकू नका, पुढे कधी डॉक्टरांनी मागितला तर त्यावरची तारीख लागेल.